घरगुती चित्रफितींची सूची

१८९५ सालीं लुई ल्युमिएरनें आपल्या भावाच्या तान्ह्या मुलीस भरविण्याचा प्रसंग चित्रित केला. घरगुती चित्रपटाचा आरंभ आम्ही तेथूनच धरतों. कोडॅकची १६ मिलिमीटरची फीत १९२३ सालीं निघाल्यावर हौशी लोकांच्या घरीं रिळांचे डबे सांठूं लागले. त्यांची सूची कोणत्या क्रमानें करावी?

तारीखवार, असें कोणीही म्हणेल. परंतु कोडॅकच्या फितीच्या कडेवरील खूण फीत तयार झाल्याचें वर्ष दाखविते, चित्रणाचें नव्हे. आणि तीही वीस वर्षांनीं फिरून येते. नुसतें वर्तुळ दिसलें, तर साल १९३६ कीं १९५६? विषयवार कापून जोडावें, तर त्याहून अनर्थ. एका रिळावर बारशामागोमाग तीर्थयात्रा असेल, तर तो शेजार हाच पुरावा होय! एका रुमालांतील कागद दुसऱ्यांत गेला कीं त्याची साक्ष दुबळी होते, हें दप्तरें चाळणारे जाणतात. एका संस्थेचे वा घराण्याचे कागद एकत्रच ठेवावे, असा नियम फ्रान्समध्यें १८४१ सालींच झाला.

म्हणून रीळ अभंग ठेवून त्यास क्रमांक द्यावा, डब्यावरील मजकूर चुकांसह उतरावा, आणि माणसें, स्थळें, प्रसंग यांच्या चिठ्ठ्या निराळ्या करून त्यांवर तो क्रमांक टाकावा. मुक्या फितींतील चेहरे स्वतः नांव सांगत नाहींत. घरांतील वृद्धांस पडद्यासमोर बसवून तीं नांवें आधीं लिहून घ्यावीं. क्रमांकांचें काम मागाहून झालें तरी चालेल.