टेबलावरचे रण आणि घड्याळाचा काटा

सन १९१२ मध्ये बंगळूरच्या छावणीत मद्रास सॅपर्स अँड मायनर्स, म्हणजे आपल्या जुन्या भाषेतील सफरमैना पलटणीतील कॅप्टन मॅक्लिंटॉक याने एक साधेच साधन सिद्ध केले. स्फोटक द्रव्याने भरलेल्या नळ्या एकीला एक जोडीत जावयाचे, तयार झालेली लांब काठी काटेरी तारेखालून पुढे सरकवावयाची आणि मागे हटून बत्ती द्यावयाची. तारेत वाट पडते. शहराचे नाव या साधनाला कायमचे चिकटले आणि 'बंगलोर टॉर्पेडो' दोन्ही महायुद्धांत वापरला गेला. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर अमेरिकन शिपायांनी तारेची कुंपणे फोडली ती अशाच नळ्यांनी.

पुढल्याच वर्षी इंग्लंडात एच. जी. वेल्स या कादंबरीकाराचे 'लिट्ल वॉर्स' हे शिशाच्या शिपायांच्या लढाईचे छोटेसे पुस्तक निघाले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तथापि, आधुनिक युद्ध टेबलावर खेळू पाहणाऱ्याला दोहोंचाही विचार करावा लागतो. जे काम करताना रणांगणावर माणसे मरतात, ते एका संध्याकाळच्या खेळात किती नियमांनी दाखवावे?

हा प्रश्न वेल्सच्याही आधीचा. आपले बुद्धिबळ मुळात चतुरंग सेनेचेच. पण त्यात धूर नाही, डोंगर नाही आणि दैवही नाही. ती उणीव भरून काढण्याचा यत्न प्रशियात झाला. राइसविट्झ नावाच्या तरुण तोफखाना अधिकाऱ्याने १८२४ मध्ये आपल्या वडिलांच्या खेळाला नवे रूप देऊन नियमावली छापली. पट म्हणजे खरा नकाशा. एक खेळी म्हणजे युद्धातील दोन मिनिटे. गोळीबाराचा परिणाम फाशांनी आणि कोष्टकांनी ठरावयाचा. आणि दोन्ही पक्षांमध्ये एक पंच. सेनापती म्युफ्लिंग याला खेळ इतका पटला की त्याने तो साऱ्या सैन्याला सुचविला. परंतु कोष्टके वाढत गेली. दोन मिनिटांच्या युद्धाला त्याहून कितीतरी अधिक वेळ हिशेबातच जाऊ लागला, आणि डावपेच शिकावयास बसलेला अधिकारी बेरजा-वजाबाक्या शिकून उठू लागला. अखेर १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्न्वा या सेनानीने कोष्टके आणि फासे बाजूला सारून निकाल अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपविला. खेळ वेगवान झाला खरा; पण फासा कोणाचा मिंधा नसतो, आणि पंच मात्र माणूस असतो.

वेल्सने तिसरी वाट काढली. त्याच्या खेळात फासे नाहीत आणि कोष्टकेही नाहीत. स्प्रिंगची खेळण्यातली तोफ खरोखरच झाडावयाची. जो शिपाई पडला तो मेला. नऊ यार्डांवरचा शिपाई ही तोफ दहांतून नऊ वेळा पाडते, असा त्याचा दावा होता. पायदळ एका खेळीत एक फूट चाले, घोडदळ दोन फूट. महत्त्वाचे म्हणजे त्याने घड्याळ लावले: दर तीस शिपायांमागे एक मिनिट आणि दर तोफेमागे एक मिनिट. ११० माणसे आणि तीन तोफा असतील तर सात मिनिटांत खेळी संपलीच पाहिजे. घाईत चूक होते, हे युद्धाचे सत्य त्याने एकाही कोष्टकावाचून टेबलावर आणले.

नियम वेगवान असले म्हणजे न्याय्य असतातच असे मात्र नव्हे. १८९६ मध्ये विन्स्टन चर्चिल हा तरुण अधिकारी चौथ्या हुजार रिसाल्याबरोबर बंगळूरला आला. बालपणी त्याच्याजवळ दीड हजारांच्या घरात शिशाचे शिपाई होते आणि शत्रुपक्षाचे सेनापतिपद धाकट्या भावाकडे असे. दोघांत तह होता: धाकट्याने तोफा बाळगावयाच्या नाहीत! नियम एकच, निकालही झटपट. पण तो लिहिणारा कोण होता, हे सांगावयास नको.

१९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन याचे 'वॉर गेम्स' प्रसिद्ध झाल्यावर हा छंद पुष्कळ पसरला, आणि विसाव्या शतकातील लढाया खेळणाऱ्यांपुढे वेल्सला न पडलेली अडचण उभी राहिली. ती अंतराची. पंचवीस पौंडी तोफेचा पल्ला सुमारे बारा किलोमीटर. शिपाई बहात्तरपट लहान केला आणि त्याच मापाने हा पल्ला लहान केला, तरी तो १७० मीटर भरतो. म्हणजे तोफ शेजारच्या गल्लीत ठेवावी लागेल! बंदुकीची गोळी साडेतीनशे मीटर धरली तरी टेबल पाच मीटरांचे हवे. तेव्हा आधुनिक युद्धाच्या नियमांत अंतरे आखडून घ्यावी लागतात, आणि तोफखाना टेबलाबाहेर ठेवून केवळ त्याचा मारा आत आणावा लागतो. हे ज्या नियमावलीला उमगले नाही ती कितीही सुटसुटीत असो, तिच्यात रणगाडेही जुन्या घोडदळासारखे एकमेकांवर चालून जातात.

नियमावली निवडताना बंगळूरच्या नळीचीच कसोटी लावून पाहावी. एक नियमावली नळ्या किती, जोडणीला खेळ्या किती आणि दारू किती, हे सारे मोजते. अर्धी संध्याकाळ एका कुंपणात जाते. दुसरी म्हणते, सफरमैना तारेपाशी आहे ना, मग फासा टाका. चार किंवा अधिक पडले तर वाट मोकळी. ही दुसरी सरस वाटते, परंतु एका अटीवर. तारेपर्यंतचे अंतर त्या तुकडीला शत्रूच्या मशीनगनच्या समोरून सरपटत कापावे लागले पाहिजे. त्या वेळी आपल्या दुसऱ्या तुकडीने मारा करून ती मशीनगन दाबून धरावयाची की नाही, हा निर्णय खेळणाऱ्यालाच घ्यावा लागला पाहिजे. आणि दाबून धरणारी तुकडी त्या खेळीत जागची हलता कामा नये. नळ्यांची जोडणी वगळली तरी चालते. तारेपाशी पोचण्याआधी पडलेला माणूस वगळला, तर उरते ती फाशांची सोंगटीबाजी.