आठ एकरांचा इंतकाल

अब्बा गेले, चाळीसवा झाला आणि आम्ही दोघे भाऊ सातबाऱ्याच्या कामाला लागलो. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्द डोक्यात घोळत राहतात. इंतकाल या अरबी शब्दाचा मूळ अर्थ एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणे. उर्दूत तो मृत्यूसाठी वापरतात. उत्तरेत, पंजाब-हरियाणाकडे, जमिनीच्या दफ्तरात नाव बदलण्यालाही इंतकालच म्हणतात. आपल्याकडे त्याला फेरफार म्हणतात, गाव नमुना सहा. अब्बांचे दोन्ही इंतकाल मी पाहिले. पहिल्यात रडून मोकळा झालो, दुसऱ्याने मात्र झोप उडवली.

अब्बा मेहकरचे शेतकरी. त्यांचे नाव कुठल्या पुस्तकात येणार नाही. मेहकरचे येते. अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे हे ठाणे होते, 'आईन-ए-अकबरी'त त्याची नोंद आहे. जवळच साखरखेर्डा आहे. १७२४ साली तिथे निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझ खान यांची लढाई झाली, निजाम जिंकला आणि त्याने गावाचे नाव फतेहखेर्डा ठेवले. बुलडाणा जिल्ह्यातल्या मुसलमानांचा इतिहास म्हटला की आपण एवढेच सांगतो. सुभेदार, लढाई, फार तर एखादा दर्गा. वखर आणि तिफण धरणारा मुसलमान त्यात कुठे दिसत नाही. दफ्तरात मात्र तो दिसतो. तालुका, मौजे, जमाबंदी, तहसील हे त्या दफ्तरातले शब्दही फारसी-अरबीतून आलेले.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला भाव आला. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा गेला, तो कापसासाठीच. आमचे दादा तरुणपणी त्याच खामगावच्या बाजारात कापसाच्या गाड्या नेत. वाटेत मुक्काम पडत. गाडीखाली कंदील टांगलेला आणि शेजारच्या गाडीवर पाटलांचा गडी, हे अब्बा नेहमी सांगायचे. दोघांची भाकर वेगळी असे, ठेचा मात्र एकाच दगडावर कुटलेला.

अब्बांच्या घरात दोन पंचांगे चालत. रमजान, ईद, मोहरम चांद पाहून. पेरणी मृगावर. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, मृग आपल्या जागी राहतो, म्हणून काही वर्षे रोजा आणि पेरणी एकाच वेळी येत. अशा दिवसांत अब्बा सेहरी करून अंधारातच शेतात जात आणि जोहरच्या आधी औत सोडत. बैलांचाही रोजा होऊ नये, म्हणत. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांसारखीच आमच्याही बैलांची खांदेमळणी होई. यात काही वेगळे करतो आहोत असे त्यांना कधी वाटले नाही.

१९७२ च्या दुष्काळात दादा वारले. दादी आधीच गेल्या होत्या. मागे राहिले अब्बा आणि त्यांची मोठी बहीण, आमच्या फुफी. गावोगावी रोजगाराची कामे निघाली होती, रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी येत होती. फुफी सासरहून माहेरी आल्या, मिलोची भाकर खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी तलाठ्यापुढे अंगठा देऊन परत गेल्या. जबाबात लिहिले होते की मला हिस्सा नको. आठही एकर अब्बांच्या नावावर झाले. कोणी भांडले नाही. सगळ्यांच्या घरी असेच होत होते.

त्याच सुमारास कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. अब्बांचे पुढचे आयुष्य तिच्याच चुकाऱ्यांवर चालले. चुकारा हप्त्यांनी मिळे. एका हप्त्यात मोठ्या आपाचे लग्न झाले, दुसऱ्यात घरावर टिना आल्या, आणखी एका हप्त्यातून माझी बीएडची फी भरली गेली. मी मास्तर झालो तो पऱ्हाटीच्या जोरावर.

एक गोष्ट मला लहानपणी कळत नसे. दरवर्षी खळ्यावरचे ज्वारीचे पहिले पोते फुफीकडे जाई. कोणी म्हणाले, 'भाई, बहिणीवर मोठा जीव आहे तुमचा,' की अब्बा चिडत. पुढे आमच्या शिवारात सोयाबीन आले, ज्वारी पेरणे बंद झाले. तरी ते बाजारातून ज्वारी विकत घेऊन पोते पाठवत राहिले. फुफी विधवा झाल्या, थकल्या, वारल्या. पोते थांबले. त्यानंतर अब्बा फार बोलत नसत.

शेवटच्या आजारात त्यांनी आम्हा दोघांना जवळ बोलावले. म्हणाले, 'आपा का अंगूठा मैंने लिया था. तुम बहनों का नक्को लेना.'

तरीही सांगतो, फेरफाराच्या वेळी मी डगमगलो. कार्यालयात एकाने सहज विचारले, 'बहिणींची हक्कसोड आणली का, गुरुजी?' प्रश्नात वाईट हेतू नव्हता. तिन्ही बहिणी सही करायला तयारही होत्या. 'माहेर तुटायला नको,' हे त्यांचे कारण. हेच कारण मी हिंदू मित्रांच्या घरीही ऐकले आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, तरी ओवाळणीच्या ताटाशेजारी हक्कसोडीचा कागद असतोच.

आपण मुसलमान मात्र अभिमानाने सांगतो की इस्लामने मुलीला चौदाशे वर्षांपूर्वी वाटा दिला. खरे आहे. सूरह निसामध्ये वाटे ठरलेले आहेत. पण १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळली होती, हे आपण सांगत नाही. शेतजमीन तेव्हा प्रांतांच्या अखत्यारीतला विषय होता. जिथे बहुतेकांची मिळकत शेतीच, तिथे वगळून उरले काय? आणि कायद्याने वगळले म्हणून ईमानानेही वगळायचे का?

मी घरी बसून हिशेब मांडला. अम्मीला आठवा हिस्सा. उरलेले सात भाग, मुलाला दोन, मुलीला एक. आम्ही दोन भाऊ, तीन बहिणी. आठ एकरांत अम्मीचा एक, प्रत्येक बहिणीचा एक, आम्हा भावांचे दोन-दोन. गुंठाही उरत नाही. हिशेब इतका सरळ सुटला की मी खूश झालो.

मग फुफी आठवल्या. दादांच्या आठ एकरांत एकट्या मुलीचा हिस्सा एक तृतीयांश, म्हणजे जवळजवळ २ एकर २७ गुंठे. शरियतमध्ये मयताचे कर्ज आधी फेडतात, वाटे नंतर पडतात. अब्बांनी ते कर्ज पोत्यापोत्याने फेडायचा प्रयत्न केला. फिटले का?

फेरफारावर अम्मीसह सहा जणांची नावे लागली. हरकतीची पंधरा दिवसांची मुदत संपली, नोंद मंजूर झाली. सही करायला तयार असलेली धाकटी आपा सातबाऱ्यावरच्या आपल्या नावावर बराच वेळ बोट ठेवून बसली होती. वाटणी अजून केलेली नाही. आधी फुफीच्या मुलांना भेटायचे आहे. भाऊ म्हणतो, एवढ्या वर्षांनी कोण मागायला येणार? कोणी येणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच उन्हाळ्याच्या सुट्टीत मीच जाणार आहे. सातबाऱ्याची नक्कल सोबत नेईन, आणि ज्वारीचे एक पोतेही.