चिंचेने घासलेली त्सुबा

माझ्याकडे एक जपानी त्सुबा आहे. त्सुबा म्हणजे तलवारीचं पातं आणि मूठ यांच्या मधली चकती. माझी लोखंडी आहे, तळहातावर मावेल एवढी. ती घरी आली त्याच दिवशी मी तिला देवाच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांसारखी चिंच लावून घासली. काळसर तपकिरी थर निघाला, खालचं राखाडी लोखंड चमकलं. मी खूश. तिची किंमत मीच उतरवली, हे नंतर कळलं.

लोखंडी त्सुबावर तो गडद थर कारागीर मुद्दाम आणत. पुढे काळाने आणि हात लागून लागून तो मुरत जाई. संग्राहक आधी तोच बघतात. कडेला कठीण लोखंडाच्या गाठी दिसल्या तर त्यांना आणखी आनंद. जपानीत त्या गाठींना ‘तेक्कोत्सु’, म्हणजे लोखंडाची हाडं, म्हणतात.

पण प्रत्येक झीज मोलाची नसते. शाकुदो हा तांब्यात थोडं सोनं मिसळून केलेला धातू. त्याचा काळा रंग वरवरचा असतो. तो झिजून तांबूसपणा दिसला, की भाव पडतो.

१८७६ साली मेइजी सरकारने तलवार लावून फिरायला बंदी घातली. सूट फक्त सैनिक-पोलिसांसारख्या काहींनाच. त्यानंतर कितीतरी त्सुबा तलवारींपासून सुटून संग्राहकांकडे गेल्या. कोणती कोणाच्या कमरेला होती, हे कागदावर क्वचितच सापडतं. वापराची खूण उरते ती धातूवर.

माझ्या त्सुबावरची मी दहा मिनिटांत धुऊन टाकली.