यान-टेलर परिणाम : स्फटिकाची घडण बदलणारे इलेक्ट्रॉन

स्फटिकातील अणूंची मांडणी केवळ अणूंच्या आकारमानावर ठरत नाही. काही धातूंच्या आयनांतील एखादा इलेक्ट्रॉनही भोवतालची रचना एका दिशेने ताणतो. या विरूपणास यान-टेलर परिणाम म्हणतात. हर्मन यान आणि एडवर्ड टेलर यांनी १९३७ मध्ये तो सिद्धांतरूपाने मांडला.

कारण

अनेक ऑक्साइडांत धातूचा आयन मध्यभागी व सहा ऑक्सिजन सभोवती अशी अष्टफलकी रचना असते. सहाही ऑक्सिजन समान अंतरावर असल्यास धातूच्या दोन विशिष्ट कक्षकांची ऊर्जा समान राहते. त्या दोहोंत मिळून त्रिसंयुजी मँगॅनिजात एकच इलेक्ट्रॉन असतो, तर द्विसंयुजी तांब्यात तीन. म्हणजे वाटणी विषमच होते. ज्या कक्षकात इलेक्ट्रॉन अधिक, त्याच्या दिशेचे ऑक्सिजन दूर सरले की त्याची ऊर्जा घटते आणि रचना अधिक स्थिर होते. परिणामी बहुधा चार बंध आखूड व दोन लांब होतात.

सुपारीच्या बागांत फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणातील मोरचूद हे याचे परिचित उदाहरण. त्यात तांब्यापासून पाण्याचे चार रेणू सुमारे १.९५ अँगस्ट्रॉमवर, तर सल्फेटचे दोन ऑक्सिजन सुमारे २.४ अँगस्ट्रॉमवर असतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग.

जालकातील परिणाम

पेरोव्हस्काइट प्रकारच्या स्फटिकात शेजारच्या अष्टफलकांना कोपऱ्यावरील ऑक्सिजन सामाईक असतो. एका बाजूचा बंध लांबला, की तो ऑक्सिजन शेजाऱ्याकडे ढकलला जातो. त्यामुळे प्रत्येक अष्टफलक शेजाऱ्याशी जुळवून घेत ताणला जातो आणि संपूर्ण जालकाची सममिती बदलते. लँथॅनम मँगॅनाइटमध्ये मँगॅनीज-ऑक्सिजन अंतरे सुमारे १.९१, १.९७ व २.१८ अँगस्ट्रॉम अशी तीन प्रकारची आढळतात. सुमारे ७५० केल्विनच्या वर ही शिस्तबद्ध मांडणी मोडते.

व्यवहारातील महत्त्व

योहानेस बेडनोर्ट्झ आणि अलेक्स म्युलर यांनी १९८६ मध्ये तांब्याच्या ऑक्साइडांत उच्च तापमानाची अतिसंवाहकता शोधली. या पदार्थांकडे ते यान-टेलर परिणामाच्या विचारातूनच वळले होते. मात्र, अतिसंवाहकतेचे कारण हाच परिणाम आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

लिथियम-आयन बॅटरीत या परिणामाची किंमत मोजावी लागते. मँगॅनीज स्वस्त व मुबलक असल्याने स्पिनेल रचनेचे लिथियम मँगॅनीज ऑक्साइड धनाग्रासाठी वापरतात. बॅटरी मर्यादेपलीकडे रिती झाल्यास त्यात लिथियम वाढते, मँगॅनीज त्रिसंयुजी होते आणि घनाकृती जालक एका दिशेने ताणले जाते. उभ्या व आडव्या मापांचे गुणोत्तर सुमारे १६ टक्क्यांनी वाढते. वारंवार असे घडल्यास कणांना तडे जातात व बॅटरीची क्षमता घटते. म्हणूनच मँगॅनिजाच्या काही जागी ॲल्युमिनियम किंवा निकेलसारखा धातू घालून त्रिसंयुजी मँगॅनिजाचे प्रमाण कमी राखले जाते.