घरकामगार बाया आणि संगणक

आपल्या वस्तीत बऱ्याच घरांतून कोणी ना कोणी आई, मावशी धुण्याभांड्याच्या कामाला जाते. मोबाईल हाती दिला की म्हणते, "मला मेलीला यातलं काय कळतंय!" आणि तो नातवाकडे देते. पण हा दोष बाईचा की यंत्राचा? बंगलोरला हा प्रश्न रीतसर तपासला गेला. त्याचा हा थोडक्यात इतिहास.

संगणक मुळात घडला तो लिहिता-वाचता येणाऱ्या, टेबल-खुर्चीवरच्या माणसासाठी. माणूस आणि यंत्र यांच्या व्यवहाराचा अभ्यास करणारे शास्त्रही बराच काळ त्याच्याकडेच पाहत राहिले. २००५ साली मायक्रोसॉफ्टची संशोधन संस्था बंगलोरला सुरू झाली. तेथील संशोधिका इंद्राणी मेधी यांनी स्त्री जागृती समिती या घरकामगारांच्या संघटनेच्या मदतीने झोपडपट्ट्यांत जाऊन बायांचे ऐकायला सुरुवात केली. अमन सागर व केंटारो टोयामा यांच्यासह त्यांनी २००६ साली निबंध मांडला. कुठल्या घरी कोणते काम आहे, पगार किती, हे सांगणारा पडदा त्यांनी केला होता. त्यावर एकही अक्षर नव्हते. चित्र आणि बायांच्या भाषेतला आवाज, एवढेच.

चित्रे काढणे सोपे नव्हते बरे का! नुसती भांडी दाखवून 'भांडी घासणे' समजेना. नळातून वाहणारे पाणी काढले तेव्हा बायांनी ओळखले. म्हणजे इथे शिकवणाऱ्या बाया होत्या आणि शिकत होते ते संशोधक.

तरीही बाया बिचकत. यंत्र बिघडेल ही भीती होतीच. शिवाय काम या पेटीत येतेच कसे, हे कोडे सुटत नव्हते. प्रश्न अगदी रास्त होता, शिकलेल्यांनाही तो पडायला हवा! मग सुरुवातीला एक छोटे नाट्य दाखवले : काम देणाऱ्यांची माहिती संगणकात कशी येते आणि तिथून बाईला काम कसे मिळते. त्यानंतर बाया पुष्कळ मोकळेपणाने तो वापरू लागल्या.

पुढे आणखी एक गोष्ट दिसली, ती मात्र मनाला लागते. पडद्यावर अक्षर नसले, तरी एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे असे उघडत जायचे म्हटले की शाळा कमी शिकलेली माणसे अडत. २०१३ च्या सुमारास मेधी व सहकाऱ्यांनी हे मांडले. शाळेत केवळ अक्षरे मिळत नाहीत, गोष्टींची वर्गवारी करण्याची सवयही लागते. ती चित्राने भरून निघत नाही. म्हणून त्यांनी सुचवले की अशा माणसांसाठी सगळे पर्याय शक्यतो एकाच पडद्यावर मांडावेत. आज बँकेच्या यंत्रापुढे आपली मावशी उभी राहते, तेव्हा पडद्यामागे पडदा उघडतच असतो आणि मागची रांग "आटपा लवकर" म्हणत असते.