बेने इस्रायल : ओळख आणि दुसऱ्याच्या सरकारचा जाब

बेने इस्रायल हा महाराष्ट्रातील मराठी बोलणारा ज्यू समाज. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्याला जहाज फुटले आणि त्यातून वाचलेली सात जोडपी हे आपले पूर्वज, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. कोकणात त्यांचा धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद राही, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावे गावांवरून पडली : किहीमकर, पेणकर, चेऊलकर. नवस फेडताना एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने मलिदा होतो. ताटात गोड केलेले पोहे, वर खोबरे आणि फळे. समाजाच्या नावातला ‘इस्रायल’ म्हणजे बायबलमधला याकोब. ‘बेने इस्रायल’ म्हणजे त्याची लेकरे. मुंबईच्या मांडवी भागात सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये सिनेगॉग बांधले. इस्रायल नावाचे राज्य मात्र १९४८ चे. त्या राज्याच्या सरकारने काही केले की त्याचा जाब इथल्या ज्यूला विचारायचा, हा नामसाम्याने झाकला जाणारा अन्याय आहे, आणि त्याला ज्यूद्वेष हेच नाव योग्य ठरते.

हे सरकार या समाजाचे प्रतिनिधी नव्हे, याचा पुरावा इस्रायलमध्येच मिळतो. तिथे गेलेल्या बेने इस्रायलांच्या विवाहाआधी वंशाची चौकशी करावी, असा निर्देश तिथल्या अधिकृत धर्मसंस्थेने, मुख्य रब्बीमंडळाने, १९६२ मध्ये काढला. ज्यांचा शब्बाथ कोकणात पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, त्यांनाच ज्यू असल्याचे सिद्ध करायला सांगितले गेले! जेरुसलेममध्ये निदर्शने झाली, १९६४ मध्ये संसदेला हस्तक्षेप करावा लागला, तेव्हा कुठे निर्देशातले त्यांचे नाव निघाले. ज्यू म्हणजे इस्रायलचा समर्थक, हे समीकरणही खोटे. मुंबईतल्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर नोव्हेंबर २००८ मध्ये दहशतवादी हल्ला झाला, त्यात ओलीस धरलेल्या सहा जणांचा जीव गेला. त्यांपैकी एक जण इस्रायल राज्याला धार्मिक कारणाने विरोध करणाऱ्या सनातनी पंथाचा होता. शवपेटीवर इस्रायलचा झेंडा नको, असे त्याच्या घरच्यांनी सांगितले. मारेकऱ्यांना तो ज्यू असणे पुरेसे होते, त्याचे मत काय याच्याशी देणेघेणे नव्हते.

आक्षेप येतो, की १९४८ नंतर या समाजातले बहुसंख्य लोक स्वेच्छेने तिकडे गेले, नातीगोती तिकडे आहेत, प्रार्थनेत जेरुसलेम आहे. मग संबंध नाही कसा म्हणता? संबंध आहेच. पण जिव्हाळा म्हणजे संमती नव्हे, आणि भावाच्या देशातल्या धोरणाचा हिशेब ठाण्यातल्या बहिणीकडे मागता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर : ज्यूद्वेषाचे नाव पुढे करून इस्रायलवरची टीका दडपली जाते. तसे घडते, आणि ते चूकच. गाझातील युद्धावर किंवा वसाहतींवर कठोरातली कठोर टीका करण्याचा हक्क कुणालाही आहे. टीका कुठवर चालेल, याबाबत ज्यूद्वेषाची २०१६ ची आंतरराष्ट्रीय व्याख्या आणि तिला पर्याय म्हणून निघालेला २०२१ चा जेरुसलेम जाहीरनामा यांचे पटत नाही. तरी इस्रायलच्या वर्तनासाठी ज्यूंना सामूहिकरीत्या जबाबदार धरणे हा ज्यूद्वेष, यावर दोन्हींचे एकमत आहे. हाच नियम कौतुकालाही लावावा लागेल. ‘तुमचा देश आमचा मित्र’ असे अलिबागच्या ज्यूला म्हणणारा सद्भावनेनेच त्याला परका ठरवतो.

महाराष्ट्रात हा समाज आता काही हजारांवर आला आहे. २०१६ मध्ये राज्य शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.