कंपाउंडरच्या टेबलापासून कारखान्यापर्यंत

तिकोणा पेठेतून गडावर चढले की खाली पवना धरणाचा जलाशय दिसतो. धरणातून सुटलेली पवना पुढे पिंपरीजवळून वाहते. धरण अलीकडचे, त्याच्याही आधी, १९५४ साली, पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने स्थापन झाला आणि पुढल्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. औषध बनवणारा माणूस दवाखान्यातून कारखान्यात कसा गेला, हे या कारखान्याच्या निमित्ताने पाहू.

त्या काळी औषध कसे मिळे, हे विद्यार्थ्यांना घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून यायला सांगावे. बाटली घरून न्यायची. कंपाउंडर बरणीतले मिश्रण तीत ओतून पाणी घाली आणि बाहेरून खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवी. एक खाच म्हणजे एक डोस. ही विद्या हाताची होती. चूक झालीच तर ती बहुधा एका रोग्यापुरती राही. औषधांच्या दर्जासाठी कायदा आणि औषध देणाऱ्यांसाठी रीतसर शिक्षण हवे, असे चोप्रा समितीने १९३१ मध्ये सुचवले. १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी हे शिक्षण सुरू केले. १९४८ च्या फार्मसी कायद्याने नोंदणी आली, पण पहिल्या नोंदणीत पाच वर्षे औषधे मिसळण्याचा अनुभव असलेल्यांनाही जागा ठेवली. आमच्या मते हे शहाणपणाचे होते. इतके पदविकाधर आणणार कोठून?

पेनिसिलिन मात्र बरणीत मिसळून होणारे नव्हते. बुरशी मोठ्या बंद टाक्यांत वाढवायची, तिला सतत निर्जंतुक हवा पुरवायची, तापमान २५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखायचे. परका जिवाणू शिरला तर तो पेनिसिलिनच नष्ट करू शकतो, आणि सबंध टाकी वाया जाते. पुढे आम्ल द्रावणातून ते विद्रावकात ओढून घ्यायचे, तेही थंडाव्यात आणि झटपट, कारण आम्लात ते टिकत नाही. येथवरचे काम सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचे आणि रासायनिक अभियंत्याचे. पण टाकीतून निघालेले पेनिसिलिन म्हणजे अजून औषध नव्हे. पाण्यात विरघळवून ठेवले तर त्याची शक्ती काही दिवसांत जाते. म्हणून कोरडी भुकटी कुपीत भरतात आणि टोचण्यापूर्वी तीत पाणी घालतात. प्रत्येक कुपीत भुकटी सारखी कशी पडेल, ती निर्जंतुक कशी राहील, तिची शक्ती किती महिने टिकेल, हे प्रश्न फार्मसीचे. कारखान्यात फार्मसिस्टला हक्काची जागा मिळाली ती येथे.

कायद्यानेही ही जागा मानली, पण अर्धीच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दुकानात दिले जाणारे औषध नोंदणीकृत फार्मसिस्टच्या देखरेखीखालीच दिले पाहिजे. कारखान्यात मात्र औषध नियमावलीतील ७१ व्या नियमाप्रमाणे फार्मसीचा पदवीधर असेल तर निर्मितीचा अठरा महिन्यांचा अनुभव पुरतो, आणि रसायनशास्त्र हा प्रमुख विषय घेतलेला विज्ञान पदवीधरही चालतो. त्याला तीन वर्षांचा अनुभव लागतो. आम्हा रसायनवाल्यांना ही दुप्पट मुदत जरा झोंबते, पण ती अकारण नाही.

जानेवारी–फेब्रुवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकोल होते. न्या. लेंटिन आयोगाने चौकशी केली व औषध प्रशासनावर कडक ताशेरे ओढले. ग्लिसरीनप्रमाणेच डायएथिलीन ग्लायकोल रंगहीन, दाट आणि गोडसर असते. डोळ्यांना वा जिभेला फरक कळत नाही, मूत्रपिंडांना कळतो. येथे जुन्या कंपाउंडरचा सराईत हात निरुपयोगी ठरतो. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून तेच रसायन लहान मुलांच्या पोटात गेले आणि अनेक मुले दगावली. त्यांतील कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. वायुवर्णलेखनाने ते ओळखता येते. ही पद्धत नवी नाही. कच्चा माल आला की पिंपातला नमुना काढून ही चाचणी करून घ्यायची आणि मगच बॅचच्या कागदावर सही करायची, असे हे काम आहे.